‘लाइन’चे काम पूर्ण होईपर्यंत

आमच्या कोश कार्यालयात हंगामी माणूस महिन्याच्या बोलीवर ठेवत नाहीत, शब्दाच्या बोलीवर ठेवतात. नेमणुकीच्या पत्रात तसे स्वच्छ लिहिलेले असते : ‘अमुक शब्दाचे काम पूर्ण होईपर्यंत.’ काम म्हणजे इंग्रजी शब्द आपल्या माणसांच्या तोंडी कोणकोणत्या अर्थांनी येतात, ते कार्डांवर टिपून लावायचे. त्यामुळे माणसाचे नशीब शब्दाबरोबर येते. टेलिफोनबाईंच्या आधीच्या बाईंच्या वाट्याला ‘झेब्रा’ आला होता. त्या डबा न उघडताच घरी गेल्या.

टेलिफोनबाईंना ‘लाइन’ मिळाली. त्यामागे कुणाची कृपा नव्हती. बावीस वर्षे त्या एका एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एके दिवशी तिथल्या भिंतीएवढ्या बोर्डाच्या जागी डब्याएवढे यंत्र आले आणि बाईंना नारळ मिळाला. मुलाखतीत आमचे संपादक म्हणाले, “फोनवाल्या ना तुम्ही? मग ‘लाइन’ घ्या.” विद्वान माणसे निर्णय असेच घेतात, फक्त नंतर त्याला प्रस्तावना जोडतात.

पण शब्द निघाला भाग्याचा. ‘लाइन’ म्हणजे वहीतली ओळ, तिकिटाची रांग, फोनची तार, विजेची तार, पाण्याचा नळ, गाडीचा मार्ग. ‘सध्या कुठल्या लाइनीत आहात?’ म्हणजे धंदा. ‘पोरगा लाइनीवर आला’ म्हणजे सुधारला, आणि ‘पोरगा लाइन मारतो’ म्हणजे बिघडला. नटाची लाइन, पक्षाची लाइन, कपाळावरची लाइन, गोलंदाजाची लाइन. बाईंनी लाकडी खण भरायला सुरुवात केली. एक खण भरला, दुसरा भरला. घरी सासूबाई दार उघडतानाच विचारीत, “किती उरली गं लाइन?”

“उरलीय अजून.”

“बरं. मग हातपाय धू, चहा टाकते.”

आता कार्यालयाचा आणखी एक नियम सांगायला हवा, कारण पुढचा सगळा दंगा त्यापायी झाला. हंगामी माणसाचे सलग आठ महिने भरले की त्याला कायम करावे लागते. हा नियम करणाऱ्याला वाटले असणार, असा कोणता शब्द आठ महिने पुरतोय!

तर सोमवारी सकाळी संपादकांनी खणांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “सत्त्याऐंशी अर्थ झाले. छान. ‘लाइन’ आज पाच वाजता बंद. शुक्रवारी पाने छापखान्यात.” ते आत गेले. बाईंनी हातातले कार्ड होते तसेच पुन्हा खणात घातले, फक्त उलटे.

आमच्या टंकलेखिकाबाई कॅलेंडरपाशी गेल्या. बोटाने दिवस मोजले आणि किंचाळल्याच, “अहो, तुमचे आठ महिने शुक्रवारी संध्याकाळी भरतायत!”

“माहितीये,” टेलिफोनबाई म्हणाल्या.

“माहितीये काय? आणि गप्प बसलात?”

“मग काय करू ताई? अर्थ काय माझ्या बापाचे आहेत?” बाई हसल्या, पण शेहेचाळिसाव्या वर्षी बोर्ड सोडून दुसरे काही न येणाऱ्या बाईला पुन्हा कोण घेणार, हे ते हसू ऐकणाऱ्या आम्हा तिघांनाही कळत होते. तिघे म्हणजे टंकलेखिका, बाइंडरकाका आणि प्रुफे तपासणारा मी. संपादक धरून कायम नोकर आम्ही चारच.

बाइंडरकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. “ऐकीव कार्डाचं काय?” ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिले. पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून घेतलेला अर्थ सरळ खणात जातो. पण नुसता कानांनी ऐकलेला अर्थ असेल तर त्याचे पिवळे कार्ड होते. ते पाचच्या आत भिंतीवरच्या पेटीत पडले, तर दुसरा पूर्ण दिवस पडताळणीला द्यावाच लागतो, आणि तोवर शब्द बंद करता येत नाही! म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज एक पिवळे कार्ड पडले की शुक्रवार बाईंचा.

मात्र अटी होत्या. पिवळे कार्ड फक्त कायम नोकराने भरायचे. एका शब्दासाठी एका माणसाला एकच. कारण पूर्वीच्या एका संपादकांनी ‘हेड’ या शब्दाखाली आपल्या मेव्हण्याची अकरा वाक्ये घुसवली होती. आणि सर्वांत कडक अट : अर्थ विचारून काढायचा नाही. माणूस आपणहून, आपल्या कामाच्या भरात बोलला पाहिजे. विचारलेला अर्थ बाद.

“चार दिवस, चार माणसं,” टंकलेखिका म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. त्या कोश कार्यालयात एकोणीस वर्षे होत्या आणि तिथे डोळे चमकायची ही पहिलीच वेळ होती. “आजचं मी आणते.”

“चौथं माणूस कोण?” मी विचारले.

सगळ्यांनी संपादकांच्या बंद दाराकडे पाहिले आणि तो विषय गुरुवारवर ढकलला.

टंकलेखिकांची मावशी शिवणकाम करते. जेवणाच्या सुट्टीत त्या तिच्या दुकानात जाऊन बसल्या. मावशी म्हणाली, आज वाट कशी चुकलीस? त्या म्हणाल्या, सहज. मावशीला संशय आला. दीड तास मावशीने शिलाईचा सोडून जगातला प्रत्येक विषय काढला. शेवटी एक गिऱ्हाईक झगा घालून आरशासमोर उभे राहिले, तेव्हा मावशी तोंडातल्या टाचण्या काढून हाताखालच्या पोरीला कळवळून म्हणाली, “अगो बाई, कंबरेत एवढा सैल केलास तर याला लाइन राहील का?” टंकलेखिका मावशीला मिठी मारून पळाल्या. चार वाजून पन्नास मिनिटांनी पेटीत कार्ड पडले. अर्थ अठ्ठ्याऐंशी : कपड्याचा अंगावर दिसणारा घाट.

संपादकांनी ते वाचले. “अरे वा,” म्हणाले. “हा राहिलाच होता की.” आणि पडताळणीला मंगळवार दिला.

मंगळवारी बाइंडरकाकांचा अंगठा कटरखाली आला. त्यांनी तो मुद्दाम घातला नव्हता, असे ते आजही शपथेवर सांगतात. इस्पितळात टाके घालून घेताना शेजारच्या खाटेपाशी नर्स ओरडली, “कुणी काढली यांची लाइन? सलाइन सगळं गादीत चाललंय!” काकांनी उरलेल्या नऊ बोटांनी कार्ड लिहिले. डॉक्टर म्हणाले, हात हलवू नका. काका म्हणाले, “डॉक्टर, तुमचं काय जातंय? इथे एका बाईचा संसार टाक्यावर आलाय.” डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि सोबत डोक्याच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठीही दिली. पावणेपाचला अर्थ एकोणनव्वद पेटीत : शिरेत घातलेली नळी.

आता कार्यालयात कुणी धड खुर्चीवर बसेना. आपले कार्ड संपले हे विसरून टंकलेखिका जिन्यात भेटेल त्याचे बोलणे कान देऊन ऐकू लागल्या. काकांनी घरी बायकोला, मेव्हणीला, कुणाला काही विचारायचे नाही, नुसते बोलते ठेवायचे, असे धोरण सुरू केले. तीस वर्षांत नवरा पहिल्यांदाच ऐकून घेतोय म्हणून काकू घाबरल्या आणि त्यांनी थोरल्या दिरांना बोलावून घेतले.

बुधवार माझा. मी समोरच्या अर्धवट इमारतीपाशी जाऊन उभा राहिलो. गवंडी भिंत चढवीत होता. मला वाटले, कामाच्या भरात काहीतरी बोलेल. पण हातात कागद, खिशाला पेन, कपाळाला आठ्या, असा माणूस उभा पाहून तो मला बांधकाम तपासणारा साहेब समजला. तो बोलायचाच बंद झाला. दोन तास त्याने अशी भिंत बांधली, अशी भिंत बांधली, की तिच्याकडे पाहून त्याचे त्यालाच भरून आले असेल. एकेक वीट तीनतीनदा बसवली. माझी तोंडे दोन झाली होती : एक त्याच्याकडे पाहून हसत होते आणि दुसरे आत रडत होते. साडेचार वाजले. मी हरलो, वळलो, कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि मागून आरोळी आली, “गेला रे साहेब! ओढ आता लाइन, किती झोळ पडलाय बघ, वीट कशावर लावायची मी, तुझ्या डोक्यावर?”

विटा सरळ लागाव्यात म्हणून भिंतीला बांधलेली दोरी! मी रस्त्यातून धावत सुटलो. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी धावलो, आणि ते एका दोरीसाठी. नव्वदावा अर्थ पेटीत पडला तेव्हा पाचला तीन मिनिटे होती आणि टेलिफोनबाई पाण्याचा ग्लास घेऊन दारातच उभ्या होत्या.

“दादा, बसा आधी,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी मराल एखादवेळी.”

“मेलो तर कुठल्या शब्दाखाली लावाल?”

“‘डेड लाइन’ झालाय आधीच. क्रमांक छत्तीस.”

गुरुवारी सकाळी संपादकांनी आम्हा सर्वांना आत बोलावले. टेबलावर तीन पिवळी कार्डे होती.

“आठ महिन्यांत या शब्दावर एक ऐकीव कार्ड नाही,” ते म्हणाले. “आणि तीन दिवसांत तीन. तिन्ही पाचच्या तोंडावर. मी मूर्ख दिसतो का?”

यावर बाइंडरकाका काही बोलणार होते. टंकलेखिकांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

“अर्थ खोटे आहेत का साहेब?” टंकलेखिका म्हणाल्या.

“तेच तर दुखणं आहे. तिन्ही बावनकशी आहेत.” संपादकांनी चष्मा पुसला. “पण आता तुमची तिघांची कार्डं संपली. उरला मी. मंडळाने मला लेखी दिलंय, शुक्रवारी पानं गेलीच पाहिजेत. टेलिफोनबाई, तुमच्या कामात खोट नाही. पण मी काही आज कान उघडे टाकून रस्त्यावर फिरणार नाही. दार लावून बसणार आहे.”

आणि खरोखर दार लावून बसले. आम्ही दिवसभर त्या दाराबाहेर माणसे आणून उभी केली. टंकलेखिकांची मावशी आली. काकांचे थोरले बंधू आले. ते काकांना डॉक्टरकडे न्यायला आले होते. विजेचे मीटर वाचणारा आला. सगळे खणखणीत आवाजात बोलले आणि सगळ्यांनी क्रमांक एक ते नव्वदमधलेच अर्थ वापरले. साडेचारला काकांनी आपला बांधलेला अंगठा पाहिला आणि म्हणाले, “वाया गेला.” टेलिफोनबाई मात्र टेबल आवरत होत्या. स्वतःचा कप त्यांनी धुऊन पिशवीत ठेवला. तो कप पिशवीत जाताना पाहून टंकलेखिका टाइपरायटरवर डोके ठेवून बसल्या.

पावणेपाचला दार उघडले. “छापखान्याला फोन लावा,” संपादक म्हणाले. “पानं उद्या सकाळी येताहेत म्हणावं.”

“माझी बोटं दुखतायत,” टंकलेखिका मान वर न करता म्हणाल्या.

काकांनी अंगठा दाखवला. मी प्रुफात तोंड घातले. असा सगळा बंडाचा थाट. आणि संपादक दारात उभे, एकटे. टेलिफोनबाईंना ते पाहवले नाही. बावीस वर्षांची सवय. “मी लावते साहेब,” त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच्या नोकरीचा शेवट करणारा नंबर स्वतःच्या बोटाने फिरवला. संपादकांना मॅनेजरचे बोलणे नीट ऐकायचे होते, म्हणून त्यांनी स्पीकरचे बटण दाबले.

छापखाना मोठा. तिथे अजून फोनवर माणूस बसते. पलीकडून खर्जातला आवाज आला, “छापखाना.”

टेलिफोनबाई दचकल्या. एक्स्चेंजमधल्या त्यांच्या वरच्या बाईंचा आवाज होता तो. “मोठ्या बाई? तुम्ही?”

“कोण गं? अगं, तू! जिवंत आहेस होय? निवृत्त झाले, दोन महिने घरी बसले, सुनेनेच इथे आणून बसवलं मला. तू काय करतेस?”

“मी... इथे शब्दांत आहे. मॅनेजरांना जोडता का जरा?”

“जोडते. थांब हं थोडी, माझी एक लाइन रडतेय, तिचं आधी बघते.”

खट्ट आवाज झाला. संपादकांची टेबलावर वाजणारी पेन्सिल हवेत थांबली.

“काय म्हणाल्या त्या?” त्यांनी हळूच विचारले.

“थांबायला सांगितलंय साहेब.”

“ते नाही. रडतेय कोण म्हणाल्या?”

“लाइन.”

संपादकांनी क्रमांक तीन, फोनची तार, हे कार्ड मागवले. पाहिले. बाजूला सारले. “खरखर असेल,” ते स्वतःशी म्हणाले. “तारेत खरखर असली की रडते म्हणत असतील. अलंकारिक. नवा अर्थ नाही.” पण ते खुर्चीत बसले नव्हते. एव्हाना आम्ही तिघे दारात आलो होतो. घड्याळात पाचला अकरा मिनिटे होती.

“विचारा ना बाई त्यांना,” टंकलेखिका कुजबुजल्या.

“खबरदार!” संपादक ओरडले, आणि लगेच फोनकडे पाहून आवाज खाली आणला. “विचारलंत तर बाद होईल.”

आम्ही चौघे त्यांच्याकडे पाहू लागलो. बाद होईल या काळजीने त्यांचा चेहरा लाल झाला होता. मासा गळाला लागतोय की नुसते पाणी हलतेय, हे ज्याला कळत नाही त्याचा असतो तसा.

पाचला आठ मिनिटे. पाचला सात. काका श्वास घेईनात. संपादकांनी खणातून एक कोरे पिवळे कार्ड काढून टेबलावर ठेवले, मग कुणी पाहू नये म्हणून त्यावर कोपर ठेवले. आम्ही सगळ्यांनी पाहिले.

खट्ट. “आहेस का गं?”

“आहे,” टेलिफोनबाई म्हणाल्या. संपादकांनी दोन्ही हातांनी खूण केली : बोलू द्या, बोलू द्या!

“गेली एकदाची. आमच्या जुन्या खिळेजुळाऱ्याची बायको. सून बोलत नाही म्हणून कालपासून जेवली नाही म्हणे ती लाइन.”

“तार जेवत नाही,” संपादक हवेत पुटपुटले. “तार जेवत नाही!”

“मी म्हटलं, आधी दोन घास खा, मग फोन करा, मॅनेजरला जोडून देते. या म्हाताऱ्या लाइनी अशाच गं. तुझ्याकडे नव्हती का एक? रोज दुपारी तीनला यायची, नुसती किती वाजले विचारायला?”

“हो,” टेलिफोनबाई म्हणाल्या. “घड्याळ होतं तिच्याकडे. ठोके ऐकू यायचे मला.”

“मग! आणि तू सांगायचीस रोज वेळ. चांगली लाइन होती बिचारी. बरं, मॅनेजरला देऊ ना?”

संपादकांनी पुढे होऊन फोनच ठेवून दिला.

पाचला चार मिनिटे. त्यांनी कार्डावर लिहिले : ‘अर्थ एक्याण्णव. तारेच्या पलीकडचे माणूस.’ मग सहीची जागा आली आणि पेन थांबले. आता त्यांच्या ध्यानात आले असावे, की ही सही कुणाकुणाच्या कागदावर पडते आहे. एकीकडे मंडळाचे लेखी पत्र होते. दुसरीकडे टेलिफोनबाई उभ्या होत्या.

“बाई,” ते म्हणाले, “बावीस वर्षं तुम्ही असंच म्हणत होतात?”

“हो साहेब. सगळ्याच जणी.”

“आणि आठ महिने माझ्यासमोर बसून नव्वद अर्थ लावलेत! हा एक तुम्हाला आठवला नाही?”

“अहो, हा काय अर्थ आहे का?” बाई खरोखर चकित झाल्या होत्या. “तसं आम्ही नुसतं बोलायचो.”

“नुसतं बोलायचो,” संपादक भिंतीला म्हणाले. “ऐकलंत? चारशे पुस्तकं चाळली, नाटकं चाळली, कायदे चाळले. आणि या नुसतं बोलायच्या!”

“साहेब, दोन मिनिटं,” टंकलेखिका ओरडल्या.

“मंडळाला मी काय सांगू?”

“सांगा, शब्द संपला नव्हता,” काका म्हणाले. “खोटं आहे का?”

संपादकांनी सही केली. पेटी बाहेरच्या खोलीत. ते कार्ड घेऊन निघाले, आधी चालत, मग दाराशी कुणीतरी चाबूक ओढल्यासारखे धावत. मध्ये खुर्ची आली, ती काकांनी अंगठ्यासकट उचलून बाजूला केली. कार्ड फटीतून आत गेले, आणि पाचचा पहिला ठोका पडला. टंकलेखिकांनी टेलिफोनबाईंना मिठी मारली, काकांनी मला मारली, आणि संपादकांना कुणीच मारेना म्हणून त्यांनी पेटीवर दोन थापा मारल्या.

शुक्रवार पडताळणीचा. दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या तोंडून तोच अर्थ यायला हवा. टेलिफोनबाई जुन्या ऑपरेटरांना एकेक फोन लावीत होत्या आणि ख्यालीखुशाली विचारीत होत्या. बाकी काही नाही, विचारायची बंदी. संपादक स्पीकरला कान लावून बसले होते. एकीने गुडघ्यांबद्दल सांगितले, एकीने जावयाबद्दल, पाचवी म्हणाली, “तुझी ती शिट्टी वाजवणारी लाइन आठवते का गं?” आणि संपादकांनी टेबलावर मूठ आपटली, “वाजवते! तार शिट्टीही वाजवते म्हणाल का आता?” कुणी तसे म्हणाले नव्हते. त्यानंतरही त्यांनी तीन फोन लावायला लावले. गरज नव्हती. त्यांना ऐकायचे होते. मंडळाचा फोन दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्यांनी त्यांना “थांबा, माझी लाइन बोलतेय” असे सांगितले.

साडेपाच वाजून गेले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आले. टेलिफोनबाईंनी हजेरीपुस्तकात सही केली. आठ महिने भरले. त्यांनी एकदा सहीकडे पाहिले, एकदा आमच्याकडे, आणि पदर तोंडाला लावून पाठमोऱ्या झाल्या.

“हं,” संपादक घसा साफ करीत म्हणाले. “कायमचं पत्र सोमवारी टाइप होईल. सोमवारी बरोबर साडेनऊला या. उशीर करू नका. कायम माणसांना उशीर चालत नाही.”

“कायम माणसं दहाला येतात साहेब,” टंकलेखिका म्हणाल्या.

“मग दहाला या,” संपादक म्हणाले. “आणि मोठ्या बाईंना एकदा चहाला बोलवा. काही विचारायचं नाही. नुसतं बोलू द्या.”